बेलाच्या फांदीवरचा मुखवटा

"आज आख्यान पुराणातलं नाही," अनंतबुवा म्हणाले आणि त्यांनी झांजा खाली ठेवल्या. "आज आख्यान ह्या गावचं. ह्या घाटावरचं. आणि ज्याचं आख्यान, तो भक्त ह्या घडीला ह्याच मंडपात आहे."

मंडपात चुळबुळ झाली. शिवरात्रीच्या सप्ताहाचा पाचवा दिवस, दुपारचे चार. पूर्वरंग संपून बुवांच्या गळ्यात नुकताच हार पडला होता. मी बायकांच्या बाजूला खांबाशी बसून मांडीवर ताल धरला होता. बुवांनी उपरणं सारखं केलं, पेटीवाल्याला खूण केली आणि पहिलं वाक्य उचललं.

"कृष्णामाई फुगायला लागते ना मंडळी, तेव्हा ती आधी आवाज करत नाही. आधी गप्प होते."

माझा हात मांडीवरच थांबला. ते वाक्य माझं होतं.

आता लपवायचं काय, माझ्या अंगावर काटा आला तो आनंदानं. मी गावच्या शाळेत मास्तरीण होते. गोष्टी लिहायचे, नदीच्या, घाटाच्या, तिथल्या माणसांच्या. त्या वर्षी एका दिवाळी अंकात माझी गोष्ट आली होती, आणि तीन दिवसांपूर्वी बुवा माझ्याकडे जेवायला आले तेव्हा मीच तो अंक त्यांच्या हातात दिला होता. "सवड झाली तर बघा," एवढंच म्हटलं होतं. वडिलांच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकत मी मोठी झाले. आता नारदाच्या गादीवरून माझे शब्द गायले जात होते. याहून मोठं बक्षीस मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही.

गोष्ट पुराची होती. मी त्या गावात जायच्या तीन वर्षं आधी, श्रावणातल्या एका पहाटे नदी चढली. सिद्धेश्वराचं देऊळ घाटावर आणि त्याच्या खालच्या अंगाला कुंभारवाडा. देवळात गुरव एकटे झोपलेले. त्यांचं नाव रामलिंग, पण सारा गाव लिंगूनाना म्हणायचा. देवळाची घंटा वाजली तरच कुंभारवाडा जागा होणार. ती वाजली, माणसं जागी झाली आणि वर चढली. केराक्का कुंभारणीची सहा वर्षांची हौसा तेवढी गेली. पूर ओसरला तेव्हा देवळात कंबरभर गाळ होता, पण देवाचा पितळी मुखवटा सुखरूप होता. पिंडीवर चढवायचा, पालखीत बसवायचा तो मुखवटा. नानांनी तो घरून आणून पुन्हा पिंडीवर ठेवला.

एवढं गावाला ठाऊक होतं. मी त्यात एकच भर घातली. मुखवटा वाचला, त्या अर्थी नाना आधी गाभाऱ्यात गेले असणार. आधी देव काढला, उपरण्यात गुंडाळून छातीशी बांधला, आणि मग घंटेचा दोर धरला. त्या तेवढ्या क्षणांवर मी दीड पान लिहिलं होतं. पुरानंतर मुखवटा पूर्वीपेक्षा उजळ दिसायला लागला, असं गावातल्या म्हाताऱ्या सांगायच्या. तेही घातलं, देवाची कृपा म्हणून. लिंगूचं मी शंभू केलं होतं. पण गावाचं आणि देवाचं नाव तेच ठेवलं, आणि त्या गावात गुरवाचं घर एकच. ह्या खेपेला मी सगळीच नावं बदलली आहेत.

बुवांनी आख्यान रंगवलं म्हणजे किती! एकीकडे निजलेला कुंभारवाडा, दुसरीकडे देव, मधे एकटा गुरव आणि पायऱ्या चढणारं पाणी. त्यांनी स्वतःची ओवी रचली होती:

आधी देव घेतला उरी ।
मग धरिली घंटेची दोरी ॥

दुसऱ्या आवर्तनाला टाळकऱ्यांनी ती उचलली. पुरुषांनी टोप्या काढल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी नानांकडे पाहिलं. ते आरतीचं तबक घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभे होते. मला वाटलं, त्यांचेही डोळे भरून आले असतील. नाना बुवांकडे बघतच नव्हते. ते केराक्काकडे बघत होते.

केराक्का माझ्या पुढे दोन रांगा सोडून बसली होती. हौसा गेली त्या वर्षापासून ती नानांना भाऊबीजेला ओवाळत होती. ती नानांना दादा म्हणायची. सख्खा भाऊ तिला नव्हता.

हार पडल्यापासून आरती होईपर्यंत कीर्तनातून कुणी उठत नाही. तान्ह्या मुलांच्या आयासुद्धा मूल पदराखाली घेऊन बसून राहतात. केराक्का उठली. बायकांच्या गुडघ्यांतून वाट काढत, कुणाकडे न बघता, ती मंडपाबाहेर निघून गेली.

आरतीनंतर नानांच्या पाया पडायला रांग लागली. सरपंच सर्जेराव सगळ्यांच्या पुढे. "काय वो नाना, धा वर्सं पोटात ठेवलंसा! आम्हास्नी परकं केलंत." नाना पाय मागे घेत होते. "उठा, उठा," एवढंच म्हणत होते.

मी बुवांना गाठलं. त्यांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला. "बाई, कथा नव्हे, प्रसाद दिलात मला."

"बुवा, एक सांगायचं राहिलं. नाना आधी गाभाऱ्यात गेले, ते मी रचलंय."

"रचलंय म्हणजे?"

"मला तसं कुणी सांगितलेलं नाही."

बुवांच्या हातातली बुक्क्याची डबी तशीच राहिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "अहो, मी गादीवरून बोललो ते," ते हळू आवाजात म्हणाले. मग स्वतःलाच समजावल्यासारखे, "पण तसंच असणार. नाहीतर मुखवटा वाचला कसा?"

"मलाही तेच वाटलं होतं," मी म्हणाले.

तिथून मी कुंभारवाड्यात गेले. केराक्का अंगणात बसून कच्च्या मडक्याचं बूड थापीनं बडवत होती. मला बघून तिनं फळकूट पुढे सरकवलं.

"बसा, बाई. लई ग्वाड गायलं बुवांनी."

"केराक्का, ते मी मनानं लिहिलंय. तसं घडलं असं मला कुणी सांगितलं नाही."

थापी थांबली नाही. "आन् लिवायच्या आदी मला इचारावं वाटलं न्हाई? मी हाय की जिती. शाळंच्या वाटंवरच घर हाय."

मी फळकुटावर टेकले.

"मुखवटा काढायला किती येळ लागतो ठावं हाय? मी बघितलंय. फुलं उतरायची, गंध पुसायचं, मागली दोरी सोडायची, कापडात गुंडाळायचा. मंडपातनं उठल्यापास्नं मी त्येच करतीया बाई. फुलं उतरतीया, दोरी सोडतीया. आन् तेवढ्या येळात हौसाला उचलतीया. दर डाव ती वर पोचतीया."

"असं नका हो म्हणू."

"मी सासूला वर नेऊन टाकलं आन् माघारी पळाले. लेक उंबऱ्यात हुती, मला दिसत हुती. ह्या चुलीपास्नं त्या चिंचंपातुर, एवढंच कमी पडलं." थापी आता जोरात पडत होती. "धा वर्सं मी म्हणत आले, घंटा लगोलग वाजली, पाणीच आगाव. दोर वढून वढून त्येच्या हाताची सालटी निघाली हुती, मी तूप लावलं हुतं. म्हणून भाऊ केला. आन् आता ह्ये आदी मुखवटा."

"मी सांगितलं ना, रचलंय मी."

"मग वाचला कसा?"

मडक्याच्या बुडाला भोक पडलं. तिनं ते मडकं मोडून पुन्हा मातीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी देवळात गेले. नाना सहाणेवर गंध उगाळत बसले होते. रोज पहाटे पणत्या घेऊन येणारी केराक्का त्या दिवशी आली नव्हती. मी आत शिरले तेव्हा ते दाराकडे बघत होते, आणि मी आहे हे बघून त्यांनी मान खाली घातली.

"नाना, माझी चूक झाली."

"तुमची कशानं? चांगलंच लिवलंय की. देव पयला." हसायचा प्रयत्न केला त्यांनी.

"आधी घंटाच वाजवलीत ना तुम्ही?"

त्यांनी खोड बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "दार लोटा, बाई."

मी दार लोटलं.

"जाग आली तवा घोट्याला पाणी हुतं. उठलो आन् दोर धरला. गाभारा ध्यानातच आला न्हाई, देवाशपथ. पाणी मांडीला आलं, कंबरंला आलं. खाली कंदील हलाय लागलं, मान्सं वर चढाय लागली, तवा कुठं दोर सोडला. मागं फिरलो तर गाभारा भरल्याला. बुडी मारली. पिंड हाताला लागली. मुखवटा न्हाई."

मी गाभाऱ्याकडे बघितलं. समईच्या उजेडात मुखवटा पिंडीवर होता. मोठे डोळे, मिशा, कपाळाला कालचं गंध.

"मग हा?"

"ह्यो लांबच्या एका तांबटाकडनं घडवून आणला. तो मेला. ठावं असल्याला मी एकटा. आन् आता तुमी."

म्हाताऱ्या बरोबर सांगत होत्या. नवं पितळ उजळच दिसणार. मी त्यावर कृपेचा एक परिच्छेद लिहिला होता.

"केराक्काला तरी सांगा, नाना. तिला समजेल."

"काय सांगू?" त्यांचा आवाज एकदम चढला, आणि मग बंद दाराकडे बघून खाली आला. "दर सोमवारी ती ह्येच्याम्होरं पदर पसरती, हौसासाठनं रडती. ह्यो तांबटाचा हाय म्हणून सांगू? मग तिचं धा वर्साचं रडणं कुनाच्या म्होरं झालं? आन् गावाचं काय? पोरांची जावळं ह्येच्यापुढं काढली, लग्नाचं इडं ह्येच्यापुढं ठेवलं. देव बसलाय बाई त्यात. मला ठावं हाय. रोज अंगाला हात लावतो मी त्येच्या. पर गाव इचारंल, कुनी बसवला, कवा बसवला. तवा मी काय बोलू?"

"मग मी एवढंच सांगते, की माझी गोष्ट खोटी."

"सांगा. म्हंजी लगी म्होरला सवाल. मुखवटा वाचला कसा?" सहाणेवरचं गंध त्यांनी वाटीत काढलं. थोडं जमिनीवर सांडलं, ते बोटानं पुसून घेतलं. "ऱ्हाऊ द्या, बाई. न्हाई वोवाळलं केरानं तर..." ते उठून गाभाऱ्यात गेले.

मी बुवांकडे गेले. मुखवट्याचं एक अक्षर बोलले नाही. एवढंच म्हटलं, की केराक्काच्या काळजाला लागलंय आणि हे निस्तरायला हवं. बुवा दोन दिवस नीट जेवले नव्हते, असं त्यांच्या यजमानांनी मला नंतर सांगितलं. ते म्हणाले, "गादीवरून बोललेलं गादीवरूनच परत घ्यावं लागतं. काल्याला या. मी बोलेन, तुम्ही बोला."

काल्याच्या कीर्तनाला अख्खा गाव लोटला होता. सकाळची अकराची वेळ, मंडपात ऊन उतरलेलं. काल्याला कुणी घरी राहत नाही. रुसलेली माणसंसुद्धा दाराशी येऊन उभी राहतात. केराक्का तशीच दाराशी उभी होती, आत आली नव्हती.

बुवांनी नमन केलं आणि गाणं न उचलता हात जोडले. "मंडळी, परवा मी एक आख्यान लावलं. ते बाईंच्या कथेतलं. कथा कथा असते, हे मी विसरलो. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. खरं म्हणून सांगितलं. ह्या गादीचा मी अपराधी आहे." मग माझ्याकडे वळले. "बाई, उभ्या राहा."

भर कीर्तनात बाईमाणूस उभं राहून बोललं, असं त्या गावात त्याआधी घडलं नव्हतं. मी उभी राहिले.

"आधी गाभारा आणि मग घंटा, हे मी मनानं लिहिलं," मी म्हणाले. "नानांनी मला तसं कधीच सांगितलं नव्हतं. आधी घंटाच वाजली."

सर्जेराव पहिल्याच रांगेत होते. "बाई, तुमी तर तवा गावात न्हवता. आदी घंटा, ह्ये तरी कशावरनं? मुखवटा वाचला की न्हाई?"

"व्हय की," मागून कुणीतरी ओरडलं. "का पोहत आला?"

लोक हसले. नाना उंबऱ्याशी उभे होते. त्यांनी तबक खाली ठेवलं. चौकटीला हात लावला आणि तोंड उघडलं. ते आता सगळं सांगणार, हे मला कळलं. सगळ्या गावासमोर, तिच्यासमोर.

"नानांनी मुखवटा वाचवलाच नाही," मी मोठ्यानं म्हणाले.

हसू थांबलं. नानांनी डोळे मिटले.

"तो वाहून गेला होता," मी म्हणाले, आणि त्यापुढे मला येत असलेलं एकच काम मी केलं. "नाना घंटा वाजवत राहिले आणि देव वाहून गेला. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं, तेव्हा नाना गाळ तुडवत खालच्या वळणापर्यंत गेले. तिथं काठावर बेल आहे. त्या बेलाच्या फांदीत मुखवटा अडकला होता. चिखलानं माखलेला, डोळे तेवढे उघडे. नानांनी तो काढला, धुतला, घासला, म्हणून तो तुम्हाला उजळ दिसला. पण कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली त्यांना. देवाला सोडून मी दोर धरला आणि देव आपल्या झाडावर माझी वाट बघत बसला, हे कुठल्या तोंडानं सांगू, असं नाना मला म्हणाले."

नाना मला असं काहीही म्हणाले नव्हते. मी नारदाच्या गादीपासून दोन हातांवर उभी होते आणि माझा आवाज कधी नव्हे इतका सुरेल लागला होता. बायका हात जोडून ऐकत होत्या. बुवांचे डोळे वाहत होते.

सर्जेरावांचे मात्र नाही. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "बेलाला?" ते म्हणाले. "त्या वळणावर तर तवा अर्धा गाव हिंडत हुता. जनावरं हुडकत, भांडी हुडकत. यवढा पितळी मुखवटा, आन् कुनाच्याच नजरंला पडला न्हाई?"

मला पुढचं वाक्य सुचेना. लोक नानांकडे बघायला लागले.

"मी बघितला हुता."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. केराक्का चौकटीला धरून उभी होती.

"तिसऱ्या दिशी. बेलाच्या फांदीला," ती म्हणाली. "चिखलानं भरला हुता, बाई म्हणत्यात तसा. मी लेकीला हुडकत हुते, सरपंच. देवाकडं बघायला येळ न्हवता मला. म्होरं गेले. मागनं दादानं काढला आसंल."

यावर सर्जेराव काय बोलणार? त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मागून कुणीतरी "हर हर महादेव" म्हणालं आणि सगळा मंडप गरजला. बुवांनी झांजा उचलल्या. नाना चौकटीला टेकून हळूहळू खाली बसले आणि त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं.

कीर्तन संपलं, हंडी फुटली. गर्दी हंडीकडे धावली तेव्हा मी दाराशी गेले.

"केराक्का, तुम्ही खरंच बघितला होता?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. "हौसा पाचव्या दिशी घावली, बाई," ती म्हणाली. "तवर वळणावरचं एकूण एक झाड मी हातानं चाचपलं हुतं. बाभळी, करंज, त्यो बेलसुदिक. फांदी न् फांदी. चिंध्या हुत्या, करडू हुतं मेल्यालं, कुनाचं तरी धोतर हुतं. मुखवटा न्हवता."

आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते मी बघितलं.

"वाचवलाच न्हाई म्हणाला, तवा दादानं डोळं मिटलं. मग तुमी बेल म्हणाला, आन् मला कळलं. कुठंच न्हवता, म्हंजी व्हाऊनच गेला." ती थांबली. "म्हंजी दादानं त्येला हात लावला न्हाई. घंटाच वाजवत बसला."

मग तिनं गाभाऱ्याकडे बघितलं. त्या मुखवट्याकडे ती बराच वेळ बघत होती, नवीन माणसाकडे बघावं तसं. मला भीती वाटली. तिनं हात जोडले, पदर पुढे घेतला आणि सोमवारी वाकायची तशीच वाकली.

"मी हाय तवर ह्ये लिवू नगा," सरळ होत ती म्हणाली.

मी लिहिलं नाही. नाना त्यानंतर नऊ वर्षं होते, आणि दर भाऊबीजेला ओवाळून घेत होते. केराक्का गेल्या चैत्रात गेली.

त्या सकाळी ती माझ्या हातावर क्षणभर हात ठेवून आत गेली. नाना अजून उंबऱ्याशी तसेच बसले होते, तोंडावर उपरणं घेऊन. तिनं दह्यापोह्यांची परात कमरेवर घेतली आणि पायानं त्यांच्या पायाला डिवचलं.

"दादा, ऊठ. काला वाटायचा हाय. लोकं कवाची उभी हायती."